त्या कवट्या कुणाच्या? फ्रॉइडचा स्वप्नार्थ आणि युंगचा

मनाचा आणि स्वप्नांचा अभ्यास करणारे मनोविश्लेषक म्हणून फ्रॉइड आणि युंग ही नावं आपण एका दमात घेतो. स्वप्नात स्वप्न पाहणाऱ्याच्या मनाचा ठाव असतो, एवढ्यावर दोघांचं एकमत. फरक कळायला एकच स्वप्न पुरे.

१९०९ साली क्लार्क विद्यापीठातल्या व्याख्यानांसाठी दोघे अमेरिकेला निघाले. त्या प्रवासात ते एकमेकांची स्वप्नं उलगडत. युंगला एक दुमजली घर दिसलं. वर सजवलेला दिवाणखाना, खालचा मजला पंधराव्या-सोळाव्या शतकातला, त्याखाली रोमन तळघर आणि सगळ्यात तळाशी गुहा. तिथे हाडं, फुटकी मडकी आणि दोन जुनाट कवट्या.

फ्रॉइड फिरून फिरून विचारत राहिला, कवट्या कुणाच्या? त्याच्या लेखी स्वप्न म्हणजे वेष बदलून आलेली दडपलेली इच्छा. दिसतं ते वरवरचं, खरा आशय मागे दडलेला. म्हणून एकेक तुकडा धरायचा आणि त्यावरून मनात येईल ते न गाळता बोलायचं. कवट्या आहेत म्हणजे कुणाच्या तरी मरणाची इच्छा असणार! युंगने ‘बायको आणि मेहुणी’ असं ठोकून दिलं आणि फ्रॉइड खूश झाला. (हकीकत युंगनेच म्हातारपणी सांगितलेली, तेव्हा एकतर्फीच.)

युंगला स्वतःला ते घर मनाचा नकाशा वाटलं. तळची गुहा म्हणजे पुढे त्याने जिला सामूहिक नेणीव म्हटलं ती, सगळ्या मानवजातीत सारखाच असलेला मनाचा नकळत थर. त्याच्या मते स्वप्न काही लपवत नाही, जागेपणी सुटलेली बाजू भरून काढतं. एका रुग्ण बाईशी बोलताना त्याचं मन लागेनासं झालं होतं. स्वप्नात ती उंच बुरुजावर बसलेली दिसली, इतकी उंच की तिच्याकडे बघताना मान अवघडली. आपण तिला कमी लेखत होतो, हे त्याला उमगलं. त्याने तिला ते सांगूनही टाकलं, आणि अडलेले उपचार पुढे सरकले.

स्वतःपुरतं स्वप्न तपासायला मला युंगचा प्रश्न सोपा वाटतो: माझं काय सुटतंय? पण त्यात पळवाटही आहे. मानवजातीच्या गुहेत शिरलं की घरातल्या माणसांबद्दल बोलावं लागत नाही. फ्रॉइडचा हट्टी प्रश्न तिथे कामाला येतो. अर्थात त्याच प्रवासात युंगने फ्रॉइडच्या एका स्वप्नाबद्दल खासगी तपशील विचारले, तेव्हा आपला अधिकार पणाला लावणार नाही म्हणून त्याने ते द्यायचं नाकारलं.