ट्री बोआला तुमच्या हाताची ऊब दिसते

पाळीव सापांची चर्चा निघाली की गार्डन ट्री बोआवर हमखास एक शिक्का बसतो: रागीट. पेटीत हात घातला की झेप घेतो, म्हणून. साप डूख धरतो या समजुतीइतकाच हा आरोप मला खोटा वाटतो. कोंडीत सापडलेला बोआ घाबरून चावतो हे खरे, पण अनेकदा त्याची चूक वेगळीच असते. तो हाताला भक्ष्य समजतो.

दक्षिण अमेरिकेच्या जंगलात हा साप रात्री फांदीला शेपटीने धरून, मान खाली सोडून वाट पाहतो. अंधारात भक्ष्य हेरायला त्याच्या ओठांवरच्या खवल्यांच्या मध्ये ओळीने खळगे असतात. उबदार शरीरातून निघालेले अवरक्त किरण त्यांत पडले की तिथली त्वचा किंचित तापते. त्वचेखाली मज्जातंतूंच्या टोकांवर टीआरपीए१ हे प्रथिन असते. ते एक प्रकारचे दारच. ऊब वाढली की ते उघडते, सोडियम आणि कॅल्शियमचे आयन आत शिरतात आणि विद्युत संदेश निघतो. अमेरिकी शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने २०१० मध्ये हे उलगडले. या बोआत ते उघडते साधारण ३० अंश सेल्सिअसला. माणसातही हे प्रथिन आहे, पण आपल्याला त्यामुळे मोहरीची झणझण जाणवते!

म्हणजे डोळ्यासारखी प्रकाश पकडणारी रसायनक्रिया इथे नाही. तरीही चेहऱ्याच्या ट्रायजेमिनल मज्जातंतूतून गेलेले हे संदेश मेंदूच्या ऑप्टिक टेक्टम या भागात पोहोचतात. डोळ्यांचे संदेशही तिथेच येतात आणि उबेचा नकाशा दृश्याच्या नकाशावर बसतो. खळग्याच्या कडेची सावली पडते, त्यावरून दिशा कळते. मात्र सापाला उष्णतेचा लख्ख फोटो दिसतो असे दाखवणाऱ्या चित्रफितींवर विश्वास ठेवू नका. खळग्याचे तोंड रुंद असल्याने प्रतिमा धूसरच असते.

न्यू गिनीचा हिरवा अजगर एमराल्ड ट्री बोआचा, म्हणजे गार्डन ट्री बोआच्या हिरव्यागार भाऊबंदाचा, जुळा भाऊ वाटतो, पण त्याचे खळगे खवल्यांच्या आतच कोरलेले असतात. तो अंडी घालतो, बोआ थेट पिल्ले देतो. दोन घराण्यांत ही जाणीव स्वतंत्रपणे घडली, याचे मला फार अप्रूप वाटते.

आता पाळणाऱ्याचा हात आठवा: उबदार, हलणारा, कदाचित उंदराचा वास लागलेला. म्हणून हात धुवा, सापाला आधी साप हाताळायच्या आकड्याच्या काठीने हलकेच स्पर्श करा, मगच उचला. भक्ष्य लांब चिमट्यानेच द्या. गोठवलेला उंदीर वितळवून नुसता गार दिला तर बोआ बऱ्याचदा त्याच्याकडे पाहतही नाही, थोडा कोमट करावा लागतो. चावलाच तर विष नसते, पण पुढचे दात लांब असल्याने रक्त येते.

एमराल्ड ट्री बोआ घेणार असाल, तर पोट जपा. त्याचे पचन फार संथ असते, घाईघाईने पुन्हा खाऊ घातले की तो अन्न ओकतो. प्रौढाला दोन जेवणांत तीन-चार आठवड्यांचे अंतर चालते. जंगलातून पकडलेला घेऊ नका, त्याच्या अंगात बहुधा परजीवी असतात. पाळीव जोडीची पिल्लेच निवडा. ती लाल किंवा नारिंगी दिसली तर घाबरू नका, हिरवा रंग नंतर हळूहळू चढतो.