विमानामागची रेघ आणि तिकिटावरचा आकडा

विमानाचं तिकीट काढताना पैसे भरायच्या आधी हल्ली बरेचदा एक चौकोन समोर येतो. तुमच्या वाट्याला किती किलो कार्बन डायऑक्साइड येतो ते त्यात लिहिलेलं असतं. थोडे पैसे जास्त भरा, आम्ही झाडं लावू, तुमचा प्रवास ‘कार्बनमुक्त’ होईल, असं आश्वासनही असतं. झाडं लावण्याला माझा विरोध नाही. पण झाडाला तेवढा कार्बन शोषायला कित्येक वर्षं लागतात, मध्येच ते तोडलं किंवा जळालं तर तो पुन्हा हवेत जातो, आणि विमानाने मात्र तो काही तासांत सोडलेला असतो. ‘कार्बनमुक्त’ हा शब्द तिथे वापरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

त्याहून मोठी अडचण वेगळीच आहे. तो आकडा अगदी बरोबर मानला, तरी विमानामुळे पृथ्वी जितकी तापते त्याचा बराच भाग त्यात धरलेला नसतो. हा भाग कुठल्याही उपकरणाशिवाय दिसतो. निळ्या आकाशात विमानामागे उमटणारी पांढरी रेघ, तोच तो.

आधी आकड्याचं पाहू. एक किलो केरोसिन, म्हणजे विमानाचं इंधन, जळलं की ३.१६ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. एका किलोतून तीन किलो कसे निघाले? कार्बनचा अणुभार १२. त्याला हवेतल्या ऑक्सिजनचे १६-१६ भाराचे दोन अणू जोडले जातात आणि बेरीज ४४ होते. जास्तीचं वजन हवेतून आलं. केरोसिनमध्ये हायड्रोजनही असतो, त्यामुळे त्याच एका किलोतून सुमारे सव्वा किलो पाणी वाफेच्या रूपात बाहेर पडतं. रेघेची सुरुवात या वाफेपासून होते.

पुष्कळ जण त्या रेघेला धूर समजतात. तो धूर नाही, ढग आहे, बर्फाच्या बारीक कणांचा. आता यातली जी गोष्ट मला सगळ्यात सुंदर वाटते ती सांगतो. थोडी आकडेमोड आहे, पण बेरीज आणि भागाकारापलीकडे काही नाही.

कडाक्याच्या थंडीत तोंडातून ‘वाफ’ निघताना दिसते. खरी वाफ कधीच दिसत नाही. दिसतात ते पाण्याचे थेंब. गंमत अशी की तोंडात थेंब दिसत नाहीत, बाहेरच्या हवेतही नव्हते, दोन्ही हवा एकमेकींत मिसळल्या आणि ढग झाला. कसा? हवेतल्या वाफेचा दाब एका मर्यादेपलीकडे गेला की वाफेचं पाणी होऊ लागतं. शून्य अंश सेल्सिअसला ही मर्यादा साधारण ६ हेक्टोपास्कल (हे दाब मोजायचं एकक) असते, २० अंशांना २३ आणि ४० अंशांना ७४. म्हणजे तापमान सारख्या पायऱ्यांनी चढतं, पण मर्यादा प्रत्येक पायरीला आधीपेक्षा मोठी उडी मारते. आलेख काढला तर रेषा सरळ येत नाही, वर वळत जाते.

आता शून्य अंशाची हवा घ्या आणि तेवढीच ४० अंशांची घ्या. दोन्हींत मर्यादेच्या ८० टक्केच वाफ आहे असं धरा. थंड हवेत वाफेचा दाब ५ च्या आसपास, गरम हवेत ५९. दोन्ही हवा स्वच्छ, पारदर्शक. त्या मिसळल्या की तापमान मधोमध २० अंश होणार आणि वाफेचा दाबही मधोमध, म्हणजे ३२. पण २० अंशांची मर्यादा आहे २३! वरची वाफ जाणार कुठे? तिचे थेंब होतात. कोणी बाहेरून पाणी घातलं नाही की थंडावा दिला नाही. केवळ आलेख वळलेला आहे म्हणून दोन पारदर्शक हवांच्या मिश्रणातून ढग जन्मला.

जेट इंजिनामागे हेच होतं. आतून शेकडो अंशांचा दमट झोत येतो आणि बाहेर, अकरा किलोमीटर उंचीवर, तापमान उणे ५५ अंशांच्या आसपास असतं. मिसळताना मर्यादा ओलांडली जाते, झोतातल्या काजळीच्या कणांवर थेंब बसतात आणि क्षणात गोठतात. रेघ कधी उमटेल आणि कधी नाही याचं गणित अर्न्स्ट श्मिट यांनी १९४१ साली मांडलं आणि हर्बर्ट अ‍ॅपलमन यांनी १९५३ साली ते वापरण्याजोगं केलं. रेघेमुळे लढाऊ विमान शत्रूला दुरून दिसतं, म्हणून त्या काळी ही माहिती सैन्याला हवी होती.

या रेघांमधून लोकांवर गुपचूप रसायनं फवारली जातात, असे संदेश अजूनही फिरतात. २०१६ साली या विषयातल्या ७७ शास्त्रज्ञांना पुरावे दाखवून विचारण्यात आलं, तेव्हा ७६ जणांनी अशा गुप्त फवारणीचा काहीही पुरावा दिसला नसल्याचं सांगितलं. एकाच दिवशी एका विमानाची रेघ मिनिटभरात पुसली जाते आणि दुसऱ्याची तासन्‌तास राहते, हा त्या संदेशांचा आवडता ‘पुरावा’. त्याचं कारण हवेच्या दमटपणात आहे, आणि आपल्या विषयाचं मर्मही तिथेच आहे.

उणे ५५ अंशांना बर्फासाठीची मर्यादा पाण्याच्या मर्यादेच्या साधारण ६० टक्केच असते. त्यामुळे वर काही थर असे असतात की तिथे पाण्याचे थेंब बनू शकत नाहीत, पण बर्फाचा कण असलाच तर तो वाढत राहतो. हवा बर्फाच्या दृष्टीने अतिसंपृक्त असते, म्हणजे तिच्यात बर्फासाठीच्या मर्यादेहून जास्त वाफ असते, तरीही आकाश निरभ्र, कारण सुरुवात करून द्यायला कण नाही. विमान त्या थरातून गेलं की अब्जावधी कण सोडून जातं. मग ते कण आजूबाजूच्या हवेतली वाफ ओढून घेतात. रेघ रुंदावते, वाऱ्याने पसरते आणि काही तासांत तिचा विरळ पांढरा पडदा होतो. त्या पडद्यातला बहुतेक बर्फ इंजिनातून आलेला नसतो, तो तिथल्याच हवेतला असतो. विमानाने फक्त ठिणगी टाकली. रेघ टिकून राहिली तर वरची हवा दमट आहे आणि हवामान बदलण्याची शक्यता आहे, असा जुना ठोकताळा आहे, त्यात तथ्य आहे.

हा पडदा सूर्यप्रकाश बराचसा आत येऊ देतो, पण जमिनीकडून अवकाशात निघालेली उष्णता अडवतो. दिवसा तो थोडं ऊन परतवून लावतो, त्यामुळे काहीशी भरपाई होते. रात्री परतवायला ऊनच नसतं. आग्नेय इंग्लंडबद्दलच्या २००६ सालच्या अभ्यासात रात्रीची विमानं एकूण वाहतुकीच्या चौथा हिस्सा होती, पण रेघांमुळे होणाऱ्या तापण्यात त्यांचा वाटा ६० ते ८० टक्के निघाला.

जगाचा विचार केला तर २०१८ साली विमानांचा कार्बन डायऑक्साइड १०० कोटी टनांच्या वर, म्हणजे माणसाच्या एकूण उत्सर्जनाच्या सुमारे अडीच टक्के होता. रेघा आणि इतर परिणाम धरले की माणसामुळे होणाऱ्या तापमानवाढीतला विमानांचा वाटा साडेतीन टक्क्यांच्या आसपास जातो. ढगांच्या मोजणीत अनिश्चितता मोठी आहे हे खरं, पण रेघांचा परिणाम एकंदरीत तापवणाराच आहे.

‘अडीच-साडेतीन टक्क्यांनी काय बिघडतं?’ असं म्हणणाऱ्यांनी हे कोणाचे टक्के आहेत ते पाहावं. २०१८ साली जगातल्या सुमारे ११ टक्के लोकांनीच विमानप्रवास केला, आणि प्रवासी विमानांच्या उत्सर्जनापैकी जवळपास निम्मं लोकसंख्येच्या फक्त १ टक्क्याच्या खात्यावर जातं, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झाला. पर्यटन हा व्यवसाय म्हणून मोजला, त्यात हॉटेलं, खाणं, खरेदी सगळं धरलं, तर २०१३ पर्यंतच्या आकडेवारीनुसार जगातल्या हरितगृह वायूंपैकी सुमारे ८ टक्के त्याच्याकडे जातात.

ज्या जागा पाहायला लोक जातात, त्यांच्यावर दोन्ही बाजूंनी भार येतो, गर्दीचा आणि चढत्या समुद्राचा. व्हेनिसच्या जुन्या शहरात १९५१ साली पावणेदोन लाखांच्या आसपास रहिवासी होते, २०२२ मध्ये ते ५० हजारांच्या खाली गेले. घरं पर्यटकांना भाड्याने देणं फायद्याचं ठरतं आणि तिथे जन्मलेल्यांना शहर परवडत नाही. नोव्हेंबर २०१९ मध्ये त्याच शहरात १८७ सेंटिमीटरचं पाणी चढलं, १९६६ नंतरचं सर्वांत उंच. २०२४ च्या एप्रिलपासून गर्दीच्या ठरावीक दिवशी एका दिवसासाठी येणाऱ्यांकडून ५ युरो घेणं सुरू झालं. ते शुल्क डोकी मोजतं. माणूस आगगाडीने आला की विमानाने, हे त्याला कळत नाही.

मालदीवची कोंडी मला जास्त अस्वस्थ करते. तिथली बहुतेक जमीन समुद्रसपाटीपासून एक मीटरहून कमी उंच आहे. ऑक्टोबर २००९ मध्ये अध्यक्ष मोहम्मद नशीद यांनी पाण्याखाली मंत्रिमंडळाची बैठक घेऊन जगाला हे दाखवलं. त्या देशाचं पोट पर्यटनावर आहे आणि पर्यटक जवळजवळ सगळे विमानाने येतात. त्यांना ‘येऊ नका’ म्हणणं शक्य नाही, आणि येणाऱ्या प्रत्येक विमानाचा हिशेब समुद्राकडे जमा होतो.

रेघांबाबत मात्र काही करता येतं. ते अतिसंपृक्त थर बरेचदा काही शे मीटरच जाड असतात. जपानच्या आकाशातल्या उड्डाणांवरचा २०२० सालचा अभ्यास सांगतो की २.२ टक्के उड्डाणंच रेघांच्या ८० टक्के परिणामाला जबाबदार होती. २०२३ साली गूगल आणि अमेरिकन एअरलाइन्स यांनी ७० चाचणी उड्डाणांत उंची थोडी बदलून रेघा ५४ टक्क्यांनी कमी केल्या. त्या उड्डाणांना इंधन २ टक्के जास्त लागलं. सरसकट सगळी विमानं वळवायची गरज नसल्यामुळे एकूण खर्च याहून बराच कमी येईल. पण रेघ काही तासांत विरते आणि कार्बन डायऑक्साइड शतकानुशतकं राहतो. उद्या एकही रेघ उमटली नाही, तरी सोडलेला प्रत्येक टन तिथेच असेल. म्हणून रेघा कमी केल्याचं सांगून उड्डाणं वाढवत नेणं मला मान्य नाही.

युरोपीय संघाने जानेवारी २०२५ पासून विमान कंपन्यांना कार्बन डायऑक्साइडखेरीजचे परिणामही नोंदवायला लावलं आहे. ही नोंद प्रवाशासमोरच्या त्या चौकोनापर्यंत यायला हवी: उड्डाण किती वाजता, कोणत्या उंचीवर, त्या दिवशी वरची हवा कशी. एकाच मार्गावर दुपारी आणि मध्यरात्री उडणाऱ्या सारख्याच दोन विमानांच्या तिकिटांवर आज बहुतेक ठिकाणी एकच आकडा दिसतो.