पार्श्वभूमी: जीव नकोसा झालेला माणूस आणि चर्च

खानदेशातल्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये एक वाक्य अजून ऐकू येतं: ‘जीव देणारा थेट नरकात जातो.’ ते धाक बसावा म्हणून म्हटलं जातं. होतं उलटंच, ऐकणारा मनातलं बोलायचं बंद करतो. बरं, हे वाक्य पवित्र शास्त्रातलं नाहीच. शौल, अहिथोफेल, यहूदा इस्कर्योत यांनी स्वतःचा जीव घेतल्याचं शास्त्र सांगतं, पण असा सरसकट निकाल कुठेच देत नाही.

निकाल आला तो नंतर. पाचव्या शतकात संत ऑगस्टीन यांनी ‘खून करू नको’ ही आज्ञा स्वतःच्या जिवालाही लावली. त्यांचा रोख मात्र वेगळा होता. 410 साली रोम लुटलं गेलं तेव्हा अत्याचार सोसलेल्या स्त्रियांना ‘अब्रू गेली, मग जगलात कशाला’ असं हिणवलं जात होतं. दोष तुमचा नाही, तुम्ही जगलात ते बरोबरच, हे ऑगस्टीन यांना सांगायचं होतं. पुढे ही बाजू गळाली आणि शिक्षा तेवढी उरली. 561 मध्ये आजच्या पोर्तुगालमधल्या ब्रागा इथं भरलेल्या धर्मसभेनं अशा मृतांचे अंत्यविधी नाकारले. कॅथलिक चर्चच्या 1917 च्या कायदेसंहितेतही दफनबंदी होती. 1983 च्या संहितेतून ती गेली. 1992 च्या कॅथलिक धर्मशिक्षणाच्या ग्रंथात तर गंभीर मानसिक त्रासामुळे माणसाची जबाबदारी कमी होते आणि त्याच्या तारणाची आशा सोडू नये, असं स्पष्ट आहे. भुसावळ-जळगावकडच्या अलायन्स मिशनच्या किंवा नंदुरबार-नवापूरकडच्या मिशनच्या मंडळ्या प्रोटेस्टंट. त्यांना ही संहिता लागू नव्हती, तरी धाक मात्र तोच.

शास्त्रातला खरा नमुना 1 राजे 19 मध्ये आहे. जीव नकोसा झालेला एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली बसून ‘आता पुरे, माझा प्राण घे’ म्हणतो. देवदूत उपदेश करत नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी ठेवतो, झोपू देतो, परत उठवून जेवायला घालतो. देवाचं बोलणं त्यानंतर. प्रेषितांची कृत्ये 16 मध्ये कैदी पळाले असं समजून फिलिप्पैचा तुरुंगाधिकारी जीव द्यायला निघतो, तेव्हा तिथेच कैदेत असलेला प्रेषित पौल आधी ओरडून सांगतो की आम्ही सगळे इथेच आहोत. तारणाची गोष्ट पुढे निघते.

1953 साली लंडनमध्ये चॅड वारा या अँग्लिकन पाळकांनी अशा लोकांसाठी फोनसेवा सुरू केली, तिथेही हेच दिसलं. वारा यांच्या भेटीसाठी थांबलेल्यांना स्वयंसेवक चहा द्यायचे, त्यांचं ऐकून घ्यायचे. तेवढ्यानं अनेकांना पाळकांकडे जायची गरजच उरेना. सॅमॅरिटन्स ही संस्था त्यातून उभी राहिली.

आपल्याकडे घोटाळा होतो तो उपास-प्रार्थनेत. आधीच झोप उडालेल्या, जेवण तुटलेल्या माणसाला रात्रभर जागवून उपाशी ठेवणं म्हणजे एलीयाच्या बरोबर उलट. ‘विश्वास कमी पडला’ किंवा ‘दुष्टात्म्याची बाधा आहे’ हेही तितकंच घातक. आधी जेवू घालावं. मग सरळ विचारावं: ‘जीव द्यायचे विचार येतात का? काही ठरवलंय का?’ विचारल्यानं विचार डोक्यात भरत नाही. उत्तर ‘हो’ असेल तर त्याला एकटं सोडू नये. फवारणीची औषधं आणि घरातल्या गोळ्या दुसऱ्याच्या ताब्यात द्याव्यात. ‘कुणालाच सांगणार नाही’ असा शब्द पाळकानं देऊ नये. कुणाला सांगायचं ते त्याच्यासोबत बसून ठरवावं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर रात्रंदिवस चालतो, मराठीत बोलता येतं. धोका समोर दिसत असेल तर 112 किंवा 108. कुणी जीव द्यायचा प्रयत्न केला तर गुन्हा दाखल होईल या भीतीनं घरचे दवाखाना टाळतात. पण 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार अशा माणसाला तीव्र ताणाखाली आहे असं धरून उपचार देणं ही सरकारची जबाबदारी आहे.

सिव्हिलमधून नैराश्याच्या गोळ्या सुरू झाल्या की गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, कधी जास्तही. ‘प्रार्थनेनं बरं वाटतंय’ म्हणून त्या मधेच सोडल्या की त्रास उलटतो. डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नयेत. आणि रविवारी उपासनेत नाव घेऊन प्रार्थना करायची का, हे ज्याचं त्यालाच विचारावं. छोट्या पाड्यात नाव जाहीर झालं की बात थेट सोयरिकीच्या बोलणीपर्यंत जाते.