जमिनीखालून पसरणारे स्वीट वुडरफ

मोठ्या पानझडी झाडांच्या बुंध्यापाशी हिरवळ लावली, तर ती बहुधा विरळ होत जाते. कारण वरच्या पानांतून गाळून खाली येणाऱ्या प्रकाशात लाल आणि निळा भाग फारच थोडा उरतो आणि प्रकाशसंश्लेषणाला मुख्यतः तोच लागतो. युरोपातील बीच वृक्षांच्या जंगलांत वाढणाऱ्या स्वीट वुडरफला मात्र अशीच जागा मानवते. ‘गॅलियम ओडोरॅटम’ हे तिचे शास्त्रीय नाव असून ही वनस्पती कॉफीच्या कुळातील आहे.

जेमतेम १५ ते ३० सेंटीमीटर उंचीच्या या रोपाचे देठ चौकोनी असते आणि त्याच्या प्रत्येक पेरावर सहा ते नऊ पाने चक्राकार बसलेली दिसतात. खरे तर त्यांतली दोनच पाने असतात. बाकीची उपपर्णे, म्हणजे पानाच्या बुडाशी फुटणारी छोटी उपांगे, पानांचेच रूप घेऊन प्रकाश टिपण्याच्या कामाला लागलेली असतात, आणि हे मला फार विलक्षण वाटते. पांढरी, चार पाकळ्यांची बारीक फुले वसंतात, झाडांची सावली गडद होण्याच्या सुमारास येतात.

ताजे पान हुंगले तर वास जवळजवळ येत नाही. तेच पान वाळू लागले, की नुकत्याच सुकलेल्या गवतासारखा गोड सुगंध सुटतो. हा कूमारिन या सुगंधी संयुगाचा वास होय. जिवंत पेशीत त्याचे पूर्वरूप साखरेशी बांधलेले असते. पेशी फुटल्यावर विकर (रासायनिक क्रिया घडवणारे प्रथिन) तिथे पोहोचते, साखर सुटी होते आणि कूमारिन तयार होते. ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ विल्यम हेन्री पर्किन यांनी १८६८ मध्ये हेच संयुग प्रयोगशाळेत बनवले. ते जास्त प्रमाणात पोटात गेल्यास यकृताला अपाय होऊ शकतो.

बियांना रुजण्यापूर्वी थंडीचा काळ लागतो, त्यामुळे जुन्या ताटव्याचे तुकडे करून ते सुमारे ३० सेंटीमीटर अंतरावर लावणे अधिक सोपे जाते. माती ओलसर, पण निचऱ्याची असावी आणि तिच्यात कुजलेला पालापाचोळा भरपूर असावा. गळलेली पाने झाडून नेऊ नयेत, कारण याच थराखाली वुडरफची दोऱ्यासारखी बारीक खोडे आडवी धावतात आणि पेरापेरातून नवी रोपे वर येतात. भर उन्हात पाने करपतात, कोरड्या मातीत पसरण्याचा वेग मंदावतो. परंतु मनासारखी ओल मिळाली, तर शेजारची नाजूक रोपे झाकली जातात. खोडे उथळ असल्याने ती हाताने उपटता येतात, मात्र एखादे पेर मातीत राहिले, तर तिथूनच पुन्हा अंकुर फुटतो.