कारखानी फर्निचर, जुने : ओळख व मूल्यांकन

यंत्रशाळा, छापखाने, शिवणकामाचे कारखाने इ. ठिकाणी कामासाठी वापरलेली बाके, स्टुले, खुर्च्या, खणांची कपाटे व कामाचे दिवे यांना ही संज्ञा लावतात. साधारणपणे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १९६० च्या दशकापर्यंतच्या वस्तू तीत धरतात. यंत्राच्या बिडाच्या पायथ्यावर नंतर फळी बसवून केलेले टेबल या वर्गात घ्यावे की नाही, याबद्दल एकमत नाही. ते जोडवस्तू म्हणून वेगळे नोंदवावे, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

कालनिर्णय : पहिला आधार जोडकामाचा. कोणतीही वस्तू तिच्यातील सर्वांत अलीकडच्या मूळ भागाहून जुनी नसते. मात्र तो भाग नंतर बदललेला नाही, याची खात्री आधी करावी लागते. फुलीच्या खाचेचा फिलिप्स स्क्रू १९३० च्या दशकाच्या मध्यापासून वापरात आला. असा स्क्रू आढळल्यास तो काढून डोक्याखालची जागा पाहावी. वेगळ्या मापाच्या डोक्याचे जुने वर्तुळ तेथे उमटलेले असेल, तर स्क्रू बदललेला आहे. वायूच्या आवरणात सलग तार सोडून केलेले वेल्डिंग १९४० च्या दशकाअखेरचे. १९२० च्या म्हणून दाखवलेल्या स्टुलावर त्याचा सांधा दिसला, तर एकतर ती दुरुस्ती आहे किंवा स्टूलच नवे आहे.

बोल्टच्या आट्यांवरून देशाचा अंदाज येतो. ब्रिटिश व्हिटवर्थ आट्याचा कोन ५५°, तर अमेरिकन व पुढे आलेल्या युनिफाइड आट्याचा ६०° असतो. पाव इंच आणि तीन अष्टमांश इंच या मापांत दोन्हींचे इंचामागे आटे सारखेच (अनुक्रमे २० व १६) असल्याने दुसऱ्या पद्धतीचा नटही चढतो आणि निष्कर्ष चुकतो. म्हणून शक्यतो अर्ध्या इंचाचा बोल्ट तपासावा. त्यावर व्हिटवर्थचे १२, तर युनिफाइड जाड (कमी दाट आट्यांच्या) मालिकेचे १३ आटे इंचामागे भरतात.

बिडाचे पाय : सर्वाधिक वाद येथे होतात. बीड थिजून थंड होताना सुमारे १ टक्का आकसते. लाकडी फर्मा (वाळूत दाबून साच्याची पोकळी उमटवण्याचा नमुना) करणारा कारागीर तेवढे माप आधीच वाढवून धरतो. जुना पायच फर्मा म्हणून वाळूत वापरला, तर ही वाढ मिळत नाही आणि ७५० मिमी.चा पाय ७४२ ते ७४३ मिमी.चा निघतो. तुलना करताना एकूण उंची घेऊ नये, कारण पाय झिजतात, कापलेही जातात. दोन ओतीव भोकांच्या केंद्रांमधील किंवा नावातील पहिल्या व शेवटच्या अक्षरांमधील अंतर खात्रीच्या नमुन्याशी ताडून पाहावे. अक्षरांच्या कडा बोथट झाल्या असतील, तर संशय बळावतो. तरीही केवळ मापावरून नक्कल ठरवणे घाईचे होईल. मूळ कारखान्यानेच झिजलेल्या फर्म्याऐवजी स्वतःचे ओतीव वापरले असण्याची शक्यता राहते. ॲल्युमिनियमची नक्कल ओळखण्यास लोहचुंबक पुरेसे. पाय हलक्या हातोडीने ठोकल्यावर आवाज खणखणीत न येता बद्द आला, तर तडा शोधावा. पितळी रंगाची शिवण म्हणजे तडा सांधल्याची खूण.

नाममुद्रा व क्रमांक : पेटंट क्रमांकावरून वस्तू त्या वर्षाआधीची नाही, एवढेच ठरते, तोच साचा अनेक वर्षे चालू राहू शकतो. अमेरिकन क्रमांक १०,००,००० हा १९११ चा, तर २०,००,००० हा १९३५ चा. ब्रिटिश क्रमांक १९१६ पासून १,००,००१ या आकड्याने सलग सुरू झाले. बाणाच्या टोकासारखी त्रिरेखी खूण ब्रिटिश सरकारी मालाची असते. ओतँ (फ्रान्स) येथील झाव्हिए पोशार यांची पत्र्याची ‘ए’ खुर्ची बहुधा १९३४ ची मानतात. ‘टोलिक्स’ या नावाची नोंदणी १९२७ ची असल्याने काही विक्रेते खुर्चीलाही तेच वर्ष लावतात, ते ग्राह्य नाही.

पृष्ठभाग : मीठ व आम्ल लावून आणलेला गंज नारिंगी, भुकटीसारखा आणि सर्वत्र सारखा असतो. जुना गंज गडद तपकिरी असून सांध्यांत व पत्र्याच्या दुमडीत खोल गेलेला असतो. झीजही कामाशी जुळायला हवी. स्टुलाची पाय टेकण्याची कडी वरच्या बाजूने झिजते, बाकाची फळी व्हाइसजवळ (काम घट्ट धरणाऱ्या शिकंजाजवळ) खचते आणि तेथे करवतीचे व कानशीचे घाव दाटीने दिसतात. सर्वत्र एकसारखे शिंपडलेले घाव बनावट समजावेत.

मूल्यांकन : मूळ रंग व झीज राखलेली, सुटे भाग पूर्ण असलेली आणि कर्ता निश्चित असलेली वस्तू वरच्या मोलाची. वाळूचा मारा करून उघड्या धातूपर्यंत नेलेल्या वस्तूंना सजावटीसाठी मागणी असते. त्यामुळे त्यांचे मोल घटते की वाढते याविषयी मतभेद आहेत. गेलेला पृष्ठभाग परत आणता येत नाही, हे ध्यानात घेता न घासलेली वस्तूच अधिक मोलाची धरणे योग्य. एका बाकाची फळी व दुसऱ्याचे पाय असा जोड दोन्ही भाग जुने असले तरी कमी मोलाचा. तो उलटा करून पाहावा. रिकामी बोल्टभोके आणि आताच्या पायांशी न जुळणाऱ्या काळ्या खुणा दिसल्यास फळी दुसरीकडची आहे. किंमत ठरवताना विक्रेत्याची मागणी नव्हे, तर लिलावात प्रत्यक्ष आलेली बोली पाहावी व तीत ग्राहकाकडून घेतले जाणारे शुल्क धरले आहे का, हे तपासावे.

दिव्यांत तारकामाचा विचार स्वतंत्र करावा लागतो. झाँ-लुई दोमेक यांनी लियाँ येथे १९५० च्या सुमारास योजलेल्या झील्दे दिव्यात सांध्यांतून तार जात नाही, तेथे वीज संपर्कपट्ट्यांतून वाहते. अशा दिव्याच्या दांड्यांबाहेरून तार ओढलेली असेल, तर आतील पट्ट्या गेल्या असण्याचा संभव असतो व मोल बरेच उतरते. जुन्या रंगात शिसे असू शकते. चाचणी केल्याशिवाय तो कोरडा घासू नये.