झोपलेल्या गाडीतून चार वॅट

इलेक्ट्रिक गाडीच्या पोटात ६० किलोवॅट-तासांची बॅटरी असेल, तर चार वॅटचा रडार डिटेक्टर (पोलिसांच्या वेग मोजणाऱ्या रडारची चाहूल चालकाला देणारं यंत्र) तिच्यावर १५,००० तास, म्हणजे दीड वर्षाहून जास्त चालायला हवा. तरी थेट वायरिंग करून बसवलेल्या डिटेक्टरमुळे काही दिवसांतच पडद्यावर १२ व्होल्टच्या बॅटरीचा इशारा झळकू शकतो. वेळ वाईट असेल, तर मोठी बॅटरी काठोकाठ भरलेली असूनही गाडी जागची हलत नाही.

याचं कारण असं, की डिटेक्टर मोठ्या बॅटरीतून वीज घेतच नाही. ती बॅटरी साधारण ४०० व्होल्टची, काही गाड्यांत ८०० व्होल्टची. तिच्या तारांवर नारिंगी आवरण असतं आणि त्यांना हात लावायचं आपल्याला काहीच कारण नाही. दिवे, काचा, कुलपं, पडदा, संगणक हा सगळा संसार चालतो तो वेगळ्या, छोट्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर. पेट्रोल गाडीत तिला स्टार्टर फिरवण्यासाठी शेकडो अँपिअर द्यावे लागतात. इथे स्टार्टरच नाही, त्यामुळे ती बऱ्याचदा लहानखुरी असते. इंजिनावर फिरून वीज बनवणारा अल्टरनेटरही नाही, त्याच्या जागी डीसी-डीसी कन्व्हर्टर मोठ्या बॅटरीतून वीज घेऊन छोटीला भरत राहतो.

मोठी बॅटरी गाडीला जोडणारे काँटॅक्टर, म्हणजे जाडजूड रिले, मिटतात ते मात्र या छोट्या बॅटरीच्या विजेवर. तिजोरी भरलेली आणि किल्ली हरवलेली, अशी ही गत. छोटी बॅटरी मेली की मोठीचं दार उघडत नाही.

गाडी कुलूप लावून सोडली की काही वेळाने तिचे संगणक एकेक करून झोपतात. काँटॅक्टर उघडून मोठी बॅटरी तोडतात, कन्व्हर्टर थांबतो. आता गाडीतलं जे काही जागं असेल ते फक्त छोट्या बॅटरीवर जगतं. डिटेक्टर ०.३ अँपिअर घेत असेल, तर दिवसाला ७.२ अँपिअर-तास गेले. बॅटरी ४० अँपिअर-तासांची असेल, तर साडेपाच दिवसांत ती पूर्ण रिकामी होईल. शिसं-आम्लाच्या बॅटरीचं नुकसान त्याच्या खूप आधी सुरू होतं. बऱ्याच इलेक्ट्रिक गाड्या एवढी वेळ येऊ देत नाहीत. छोटी बॅटरी उतरली की त्या आपणहून जाग्या होतात, तिला भरतात आणि परत झोपतात. पण प्रत्येक जागरणाला संगणकांची स्वतःची वीज लागते, काँटॅक्टरची उघडझाप वाढते आणि छोट्या बॅटरीचं आयुष्य या चढउतारात झिजतं. म्हणून डिटेक्टर किती वीज खातो यापेक्षा कधी खातो हे महत्त्वाचं. तो गाडीबरोबर झोपला, तर चार वॅटचं ओझं गाडीला जाणवतही नाही.

मग गाडीबरोबर झोपणारी तार शोधायची कुठे? निदानासाठीच्या ओबीडी सॉकेटचा मोह सोपा आहे, कारण तिथे हात सहज पोचतो. पण त्याची १६ क्रमांकाची पिन कायम बॅटरीला जोडलेली असते, म्हणजे नेमकी नको ती. मला सगळ्यात समंजस जागा वाटते ती मधल्या आरशाची. आपोआप काळवंडणाऱ्या आरशाला बहुधा १२ व्होल्ट मिळतात, ते गाडी जागी असेपर्यंतच, आणि डिटेक्टर बसतोही तिथेच शेजारी, म्हणजे तार वीतभर पुरते. फक्त आरशाकडे जाणाऱ्या जुडग्यात संदेश वाहणाऱ्या बारीक ताराही असतात. रंगावर भरवसा ठेवून क्लिप मारू नये, मल्टिमीटर लावावा.

मोजण्यात एक गंमत आहे. दार उघडलं की गाडी जागी होते, मग झोपलेल्या गाडीतलं व्होल्टेज मोजायचं कसं? जाणते मेकॅनिक दार उघडंच ठेवून त्याच्या कडेचं लॅच स्क्रूड्रायव्हरने दाबून मिटवतात. गाडीला वाटतं दार बंद आहे. मग कुलूप लावून निवांत थांबायचं आणि तारेवर शून्य येतं का ते बघायचं. काम झाल्यावर हँडल ओढून लॅच सोडवायला विसरलात आणि दार आपटलंत, तर लॅच वाकलंच. एवढा खटाटोप नको असेल, तर डिटेक्टर जोडून गाडी बंद करा आणि अर्ध्या-पाऊण तासाने काचेतून त्याचा दिवा बघा.

जुन्या पद्धतीत फ्यूज-पेटीतल्या एखाद्या खाचेत जोड-फ्यूज (मूळ फ्यूजसोबत नव्या तारेलाही वीज देणारा) बसवून काम भागायचं. टेस्लाच्या मॉडेल ३ आणि मॉडेल वायमध्ये ती सोय जवळपास नाहीच, कारण तिथे बहुतेक शाखांवर वितळणाऱ्या फ्यूजऐवजी इलेक्ट्रॉनिक फ्यूज आहेत. ट्रान्झिस्टर प्रवाह मोजत राहतो, जास्त झाला की क्षणात तोडतो, आणि संगणकाला त्याची खबर असते. तरीही आपल्या तारेला स्वतःचा १-२ अँपिअरचा फ्यूज हवाच, आणि तो जोडाच्या अगदी जवळ हवा. फ्यूज उपकरणाला वाचवतो असा समज आहे. खरं तर तो तारेला वाचवतो. केसासारखी तार कुठे घासून बॉडीला टेकली, तर लाल होऊन पेटायला तिला फार वेळ लागत नाही.

व्होल्टेजही गृहीत धरू नये. २०२१ पासून टेस्लाने छोट्या बॅटरीसाठी लिथियम-आयन आणली आणि तिचं व्होल्टेज १५-१६ च्या घरात असतं. सायबरट्रकमध्ये तर ४८ व्होल्टची व्यवस्था आहे. तिथल्या ४८ व्होल्टच्या तारेला १२ व्होल्टचा डिटेक्टर थेट जोडला, तर तो पहिल्याच झटक्यात जाईल.

तार काचेच्या कडेच्या खांबावरून खाली न्यायचीच असेल, तर ट्रिमच्या आत घडी घालून ठेवलेल्या कर्टन एअरबॅगच्या मागून न्यावी, पुढून कधीच नाही. ही पिशवी सेकंदाच्या काही शतांशांत उलगडते. वाटेतली तार आणि तिला लटकलेलं यंत्र तिच्यापुढे गोळीसारखं सुटू शकतं.

या सगळ्या उठाठेवीतून मिळतं काय? पोलिसांच्या रडारची लहर गाडीवर आपटून परत फिरते आणि डॉप्लर परिणामामुळे तिची वारंवारता किंचित बदलते, त्यावरून रडार वेग काढतं. २४ गिगाहर्ट्झच्या रडारसमोर ताशी १०० किलोमीटरला हा बदल साधारण ४.५ किलोहर्ट्झ भरतो. डिटेक्टर हा बदल मोजत नाही, तो नुसती लहर ऐकतो, आणि तिथेच त्याचा फायदा आहे. अंतर दुप्पट झालं की सरळ येणारी लहर चौथ्या हिश्श्यावर येते. पण परतीचा प्रतिध्वनी सोळाव्या हिश्श्यावर. त्यामुळे रडारला गाडीचा वेग कळण्याआधी गाडीला रडारचा सुगावा लागू शकतो. मात्र त्याच २४ गिगाहर्ट्झच्या आसपास दुकानांची आपोआप उघडणारी दारं आणि अनेक गाड्यांचे ब्लाइंड-स्पॉट सेन्सरही बोलतात, म्हणून खोट्या आरोळ्या भरपूर. गाड्यांचे नवे रडार ७६ ते ८१ गिगाहर्ट्झवर गेले आहेत, ते त्याला ऐकूच येत नाहीत.

शिवाय हे यंत्र सगळीकडे चालत नाही. अमेरिकेत व्हर्जिनिया आणि वॉशिंग्टन डी.सी.मध्ये, कॅनडाच्या बहुतेक प्रांतांत आणि फ्रान्समध्ये त्याला मनाई आहे. लपवूनही उपयोग होईलच असं नाही: डिटेक्टरच्या आतला ऑसिलेटर, म्हणजे लहर निर्माण करणारा भाग, स्वतः थोडी लहर बाहेर सांडतो, आणि ती हुंगणारी यंत्रं पोलिसांकडे असतात.

तारेचा मार्ग ठरवण्याआधी पुढची काचही तपासावी. उन्हाची उष्णता परतवण्यासाठी काही गाड्यांच्या काचेत धातूचा अतिपातळ थर असतो आणि तो सूक्ष्मलहरींनाही अडवतो. टोलच्या टॅगसाठी अशा काचेत आरशाजवळ बहुधा एक बिनथराची चौकट सोडलेली असते. डिटेक्टरचं तोंड त्या चौकटीत आलं नाही, तर वायरिंग कितीही नेटकं असलं तरी यंत्र जवळजवळ बहिरंच.