स्टिअरिंग करकरतंय की कटकटतंय?

गॅरेजात गेल्यावर आपण सांगतो, "स्टिअरिंग वळवताना आवाज येतोय." एवढ्यावर मेकॅनिक तरी काय करणार? मराठीत आवाजांसाठी किती नेमके शब्द आहेत: करकर, कटकट, खडखड, घरघर. त्यातला बरोबर शब्द आणि आवाज नेमका कधी येतो, एवढं सांगितलं तरी निम्मं निदान तिथेच होतं. कारण या प्रत्येक आवाजाच्या मागे वेगळी यंत्रणा असते.

गेल्या पावसाळ्यानंतर माझ्या गाडीला करकर लागली. उभ्या गाडीत स्टिअरिंग वळवलं की कर्रर्र आणि मग एकदम टण्ण. गाडी वेगात असली की जवळजवळ काहीच नाही. एका गॅरेजात आख्खा रॅक, म्हणजे स्टिअरिंग फिरवलं की सरकून चाकं वळवणारी दातेरी दांडी, बदलायला सांगितला. मन मानेना. घरी पार्किंगमध्ये इंजिन चालू, गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, अशा स्थितीत बायकोला ड्रायव्हर सीटवर बसवलं आणि मी टायरच्या वरून हात घालून पुढच्या स्प्रिंगला बाहेरून तळवा टेकवला. बोटं वेटोळ्यांत जाणार नाहीत याची काळजी घेतली. ती सावकाश वळवत गेली. स्प्रिंगचं खालचं टोक चाकाबरोबर वळत होतं, वरचं मात्र अडून बसलं होतं. पीळ भरत गेला आणि स्प्रिंग झटक्याने सुटली. तो झटका तळव्याला बसला त्याच क्षणी टण्ण वाजलं. रॅकचा काही संबंधच नव्हता.

आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो, म्हणजे शॉकअप आणि त्याभोवतीची स्प्रिंग यांचा एकच उभा खांब. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन इंजिनिअरची ही रचना 1950 च्या सुमारास फोर्डच्या गाड्यांत आली. तिच्यात चाक वळलं की शॉकअप आणि स्प्रिंगही वळतात आणि त्यांना सहज फिरता यावं म्हणून वर एक बेअरिंग असतं. त्यात पाणी-चिखल शिरला, ग्रीस धुऊन गेलं, की ते अडकत अडकत फिरतं. सारंगीच्या तारेवर गज फिरतो तेव्हा हेच घडतं: तार गजाला धरून ताणली जाते, सुटते, पुन्हा धरली जाते. स्थिर वस्तू हलवताना जेवढं घर्षण असतं तेवढं ती सरकू लागल्यावर राहत नाही, म्हणून हे धरणं-सुटणं चालू राहतं. सारंगीत त्याचा सूर होतो, गाडीत करकर. कोरड्या पडलेल्या बॉल जॉइंटची (वाटीत फिरणाऱ्या गोळीचा सांधा) आणि सांध्यांत बसवलेल्या रबरी बुशची कुरकुरही याच जातीची.

हे बेअरिंग घरी बदलायला जाऊ नका. दाबलेल्या स्प्रिंगमध्ये एवढी ताकद साठलेली असते की ती निसटली तर जीवावर बेतेल. माझं जुनं बेअरिंग काढल्यावर हातात घेतलं तर आत ग्रीसऐवजी तांबडा गाळ होता.

कटकट वेगळी. स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी पुढे काढताना कट-कट-कट असा आवाज आला आणि वेगाबरोबर तो भरभर होत गेला, तर संशय एक्सलच्या बाहेरच्या सीव्ही जॉइंटवर घ्यावा. चाक वळलेलं असतानाही त्याला एकसारखी गती पोचवणारा हा सांधा फोर्डचे इंजिनिअर आल्फ्रेड झेप्पा यांनी 1920 च्या दशकात शोधला. त्यात सहसा 6 गोळ्या खाचांतून सरकतात. वरचं रबरी बूट, म्हणजे ग्रीस आत धरून ठेवणारं आवरण, फाटलं की ग्रीस उडून जातं, धूळ आत जाते, खाचांना खड्डे पडतात आणि गोळी त्यात आपटली की कट. चाकाच्या आतल्या बाजूला काळं ग्रीस उडालेलं दिसतंय का, एवढं महिन्यातून एकदा वाकून पाहावं. कटकट सुरू व्हायच्या आत सापडलं, तर बहुधा नवं बूट आणि ताजं ग्रीस यांवर भागतं. एकदा कटकट लागली की सांधाच बदलावा लागतो.

जुन्या गाड्यांत हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंग असतं. त्यात वळवताना घुं किंवा कण्हल्यासारखा आवाज आला, तर आधी ऑइलची टाकी पाहा. ऑइल कमी झालं की पंप हवा ओढतो आणि तेलाला फेस येतो. जास्त दाबाखाली ते बुडबुडे फुटतात आणि पंप कण्हू लागतो. गळती बंद करून मॅन्युअलमध्ये सांगितलेलंच ऑइल भरायचं आणि स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत अनेकदा सावकाश फिरवून हवा काढायची. टोकाला नेल्यावर हलकं सुस्स वाजलं तर घाबरू नये, तिथे व्हॉल्व्ह उघडून जास्तीचा दाब सोडत असतो. फक्त तिथे धरून ठेवू नये. नव्या गाड्यांत इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग असतं, त्यात पंपही नाही आणि ऑइलही नाही.

घरघर सरळ रस्त्यावरही येत असेल आणि डावीकडे वळताना वाढत असेल, तर उजव्या चाकाचं बेअरिंग तपासा, कारण वळणावर भार बाहेरच्या चाकावर जातो.

खडखडीला मात्र एक दिवसही देऊ नये. खड्ड्यातून जाताना खडखड आणि स्टिअरिंगला प्ले (चाक न वळता ते थोडं ढिलं फिरणं) असेल, तर टाय रॉड एंड, म्हणजे रॅकला चाकाशी जोडणाऱ्या दांडीच्या टोकाचा सांधा, किंवा बॉल जॉइंट झिजलेला असू शकतो. तो निखळला तर चाक ताब्यात राहत नाही. गाडी जॅकवर, स्टँड लावून उचलतात आणि चाक घड्याळाच्या 9 आणि 3 वर धरून हलवतात. टाय रॉड सैल असेल तर हाताला टक लागते. 12 आणि 6 वर धरून हललं, तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग. नवा टाय रॉड एंड बसवला की त्याच दिवशी अलाइनमेंट, म्हणजे चाकांची दिशा जुळवणं, करून घ्या, नाहीतर नवे टायर काही हजार किलोमीटरमध्ये एका कडेने गुळगुळीत होतात.